रात्री अकराची गोळी, दुपारी चारचं रक्त: नैराश्यात डेक्सामेथासोन चाचणी कशी करायची आणि कशी वाचायची

कॉर्टिसॉल हा ताणाचा संप्रेरक, तो वाढला की नैराश्य येतं, म्हणून रक्त तपासून कॉर्टिसॉल बघा, असा सल्ला हल्ली सर्रास मिळतो. ‘स्ट्रेस पॅकेज’ घेऊन लॅबवाला घरी येतो, सकाळी आठला एक नळी भरतो, संध्याकाळी रिपोर्ट मोबाइलवर. त्या आकड्यावरून नैराश्याबद्दल जवळजवळ काहीच कळत नाही. निरोगी माणसातही कॉर्टिसॉल पहाटे चढतो, उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात शिखर गाठतो आणि मध्यरात्रीपर्यंत तळाला जातो. आठऐवजी साडेनऊला सुई टोचली तरी आकडा बदलतो.

ऑस्ट्रेलियन मनोविकारतज्ज्ञ बर्नार्ड कॅरल यांनी वेगळा प्रश्न विचारला. कॉर्टिसॉल किती आहे, हे राहू द्या. त्याचा ब्रेक लागतो का? १९६८ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दाखवलं की तीव्र नैराश्यातल्या काही रुग्णांना रात्री डेक्सामेथासोन (एक कृत्रिम स्टेरॉइड) दिलं तरी त्यांचा कॉर्टिसॉल दबत नाही. पुढे अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात त्यांनी मात्रा, वेळा आणि सीमारेषा ठरवल्या आणि १९८१ साली चाचणी प्रमाणित रूपात मांडली. आज ती रोजच्या ओपीडीत कुणी करत नाही, आणि करूही नये. पण तीव्र नैराश्याच्या वॉर्डात किंवा संशोधनात ती करायची असेल तर घड्याळ आणि औषधांची यादी या दोन गोष्टींवर सगळं अवलंबून असतं. पुढची माहिती निवासी डॉक्टर, परिचारिका आणि संशोधन करणारे विद्यार्थी यांच्यासाठी आहे. घरच्या घरी गोळी घेऊन बघण्याचा हा प्रयोग नाही.

ब्रेक म्हणजे नक्की काय

मेंदूतला हायपोथॅलॅमस सीआरएच हा संप्रेरक सोडतो, त्यावर मेंदूच्या तळाची पिट्युटरी ग्रंथी एसीटीएच हा दुसरा संप्रेरक सोडते, त्यावर मूत्रपिंडाच्या डोक्यावर बसलेली ॲड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल बनवते. रक्तात कॉर्टिसॉल पुरेसा झाला की तो वरच्या दोघांना थांबवतो. डेक्सामेथासोन हे कॉर्टिसॉलचं कृत्रिम आणि कितीतरी जोरकस भावंड आहे. कमी मात्रेत ते मेंदूत फारसं शिरत नाही, मुख्यतः पिट्युटरीवर काम करतं. रात्री ते दिलं की पिट्युटरीला वाटतं, माल भरपूर आहे. पहाटेची एसीटीएचची लाट येतच नाही आणि निरोगी माणसाचा कॉर्टिसॉल पुढचे जवळजवळ २४ तास दबलेला राहतो. काही नैराश्यग्रस्तांत वरून सीआरएचचा रेटा जास्त असतो आणि पेशींमधले ग्राही, म्हणजे रिसेप्टर, संदेशाला नीट दाद देत नाहीत. अशा रुग्णात कॉर्टिसॉल सकाळी दबतो आणि दुपारी पुन्हा डोकं वर काढतो.

हा ‘दुपारी’ शब्द लक्षात ठेवा. कुशिंग आजारासाठी, म्हणजे शरीरात कॉर्टिसॉल सतत जास्त राहण्याच्या आजारासाठी, एंडोक्रिनॉलॉजीत हीच १ मिलिग्रॅमची गोळी देतात, पण रक्त सकाळी आठ-नऊला घेतात आणि १.८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर ही सीमा धरतात. नैराश्यातली गडबड सकाळी आठला बहुधा दिसतच नाही. लॅबला नुसतं ‘डेक्सा सप्रेशन’ लिहून पाठवलं तर ती कुशिंगची चाचणी करून देते आणि तुम्ही निर्धास्तपणे ‘नॉर्मल’ लिहून मोकळे होता.

कुणाची करायची, कुणाची नाही

चाचणी ज्या नैराश्यासाठी घडवली ते मेलँकोलियाचं नैराश्य: पहाटे दोन-तीनला जाग, सकाळ सर्वांत वाईट, नातवंड मांडीवर आलं तरी चेहऱ्यावर रेघ हलत नाही, वजन उतरलेलं, हालचाल मंदावलेली किंवा उलट हात चोळत येरझाऱ्या. भ्रम असलेल्या नैराश्यात ती जास्त वेळा सकारात्मक येते, म्हणजे कॉर्टिसॉल दबत नाही. नेल्सन आणि डेव्हिस यांनी १९९७ साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला आकडा असा: भ्रमासह नैराश्यात ६४ टक्के रुग्णांत कॉर्टिसॉल दबला नाही, भ्रमाविना नैराश्यात ४१ टक्के.

आता वगळायची यादी. खरं काम इथेच आहे, आणि घाई होते ती इथेच.

डेक्सामेथासोन यकृतातल्या सीवायपी३ए४ या विकराने (एन्झाइमने) मोडलं जातं. हे विकर वाढवणारी औषधं चालू असतील तर गोळी पहाटेपर्यंत टिकतच नाही, कॉर्टिसॉल दबत नाही आणि खोटा सकारात्मक निकाल येतो. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन ही तर मनोविकार विभागातलीच औषधं. आपल्याकडे चौथं नाव ठळक लिहून ठेवायला हवं: रिफॅम्पिसिन. क्षयाचा कोर्स चालू असलेल्याची ही चाचणी करूच नये. चाचणीसाठी क्षयाचं किंवा फिटचं औषध थांबवायचं तर बिलकुल नाही. चाचणी रद्द करायची. ही औषधं आपल्या कारणाने बंद झाली असतील तर निदान तीन आठवडे जाऊ द्या.

उलट्या बाजूची चूक गजकर्णातून येते. इट्राकोनाझोलचे महिना-दोन महिन्यांचे कोर्स घराघरांत चालू असतात आणि ते हेच विकर रोखतं. डेक्सामेथासोन रक्तात जास्त साचतं, कॉर्टिसॉल दबतो, आणि ज्याचा ब्रेक खराब आहे तोही नॉर्मल दिसतो. क्लॅरिथ्रोमायसिन आणि रिटोनावीर यांचंही तेच.

मग स्टेरॉइड. “स्टेरॉइड घेता का?” या प्रश्नाला नव्वद जण “नाही” म्हणतात. म्हणून प्रश्न फोडून विचारा. दम्याचा पंप आहे का? गुडघ्यात किंवा खांद्यात इंजेक्शन घेतलंय का? खाजेवर, गजकर्णावर मेडिकलमधून आणलेली ट्यूब? गोरेपणाची क्रीम? सांधेदुखीसाठी कुणी दिलेली बिननावाची पावडर किंवा पुडी? ट्यूब घरून आणायला सांगा आणि स्वतः वाचा. क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन दिसलं तर त्या माणसाची ॲड्रिनल आधीच झोपलेली असू शकते आणि तुमचा ‘दबलेला’ कॉर्टिसॉल गोळीमुळे दबलेला नसतो. प्रेडनिसोलोनचा घोळ आणखी वेगळा: अनेक इम्युनोअसे (प्रतिपिंडांच्या साहाय्याने मोजणाऱ्या) यंत्रांना तो कॉर्टिसॉलच वाटतो आणि आकडा खोटाच चढतो. डेक्सामेथासोनला यंत्र असं फसत नाही, म्हणून तर चाचणीला ते निवडलं.

केस गळतात म्हणून बायोटिन घेणाऱ्यांनाही विचारा. ज्या यंत्रांची रसायनं बायोटिन-स्ट्रेप्टॅव्हिडिन जोडीवर चालतात, तिथे जास्त मात्रेचं बायोटिन कॉर्टिसॉलचा आकडा फुगवतं. तीन दिवस बंद ठेवलेलं बरं. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी कॉर्टिसॉल वाहून नेणारं प्रथिन वाढतं आणि एकूण कॉर्टिसॉल जास्त दिसतो. त्या थांबवून सहा आठवडे झालेले नसतील तर निकाल धरू नका. गरोदरपणात चाचणी नाही.

ताप, अनियंत्रित मधुमेह, दारू सोडल्यानंतरचे पहिले तीन-चार आठवडे, उपासमारीने झपाट्याने उतरलेलं वजन, स्मृतिभ्रंश: या सगळ्यांत कॉर्टिसॉल दबत नाही आणि त्याचा नैराश्याशी संबंध असेलच असं नाही. रुग्णालयात दाखल होणं हाही ताणच. पहिल्या रात्री गोळी देऊ नका, तीन-चार दिवस रुळू द्या. रात्रपाळी करणाऱ्याचं शरीराचं घड्याळ उलटं असतं; त्याला ‘रात्री अकरा’ लावून उपयोग नाही.

आणि रुग्णाच्या मनात जीव देण्याचे विचार असतील तर चाचणीसाठी उपचार एक दिवसही लांबवायचे नाहीत. (घरी कुणाला अशी वेळ आली तर १४४१६ या टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या क्रमांकावर दिवसरात्र फोन करता येतो.)

प्रत्यक्ष कृती

मात्रा १ मिलिग्रॅम, तोंडावाटे, एकदाच. आपल्याकडे ०.५ मिलिग्रॅमच्या गोळ्या सहज मिळतात, म्हणजे दोन गोळ्या. कागदावर ‘२ गोळ्या’ लिहू नका, ‘१ मिलिग्रॅम (०.५ च्या २)’ लिहा, दुसऱ्या ताकदीची पट्टी हाती आली की घोटाळा ठरलेला. २ मिलिग्रॅम देऊन बघितलं तर चाचणी बोथट होते, कारण एवढ्या मात्रेने नैराश्यातले बरेच जण दबतात.

वेळ रात्री ११. परिचारिकेच्या किंवा नातेवाइकाच्या डोळ्यांसमोर, पाण्यासोबत, आणि गिळल्याची खरी वेळ लिहून. नऊच्या औषधांबरोबर उरकून टाकायचा मोह होतो, पण दोन तास आधी दिलेली गोळी दुसऱ्या दिवशी दुपारी चारपर्यंत दोन तास जास्त विरलेली असते. तासाभरात उलटी झाली तर चाचणी रद्द, आठवड्याने पुन्हा. मधुमेह्याला सांगून ठेवा की उद्या साखर थोडी चढेल. त्या रात्री झोप जरा उडू शकते.

दुसऱ्या दिवशी रक्त दोनदा: दुपारी ४ आणि रात्री ११. वॉर्डात दोन्ही घ्या. बाहेरून येणाऱ्याला रात्री अकराला बोलावणं अवघड, त्याचं फक्त चारचं घ्या. त्यात काही सकारात्मक निसटतात, हे मान्य करून. सकाळी आठचा नमुनाही घेतलात तर वाचताना फार मदत होते. खर्च परवडत असेल तर त्यातलाच थोडा सीरम डेक्सामेथासोनच्या पातळीसाठी गोठवून ठेवा. कॉर्टिसॉल दबला नाही आणि डेक्सामेथासोनही नगण्य निघालं, तर ब्रेक खराब नव्हता, गोळीच पोहोचली नव्हती.

सुई टोचताना घाई चालते, धडपड चालत नाही. कॉर्टिसॉलला ताणानंतर चढायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, त्यामुळे पहिल्याच टोचण्यात रक्त आलं तर त्या टोचण्याचा आकड्यावर परिणाम नाही. पण शीर सापडेना म्हणून वीस मिनिटं दोन्ही हात चाचपले तर तुम्ही ताणच मोजत आहात. शिरा अवघड असतील तर तीन वाजताच कॅन्युला लावून ठेवा. चारच्या आधी तासभर जेवण नको. जेवणानेही कॉर्टिसॉलची छोटी लाट येते. साधी किंवा जेलची नळी, अर्धा तास गोठू द्या, मग फिरवा. एकदा निवडलेली नळी संपूर्ण अभ्यासात बदलू नका.

लेबलवर नाव आणि तारखेइतकीच वेळ महत्त्वाची. आणि मागणीपत्रावर ठळक लिहा: ‘डेक्सामेथासोन १ मिग्रॅ नंतर, दुपारी ४.’ याचं कारण रिपोर्टात दडलेलं असतं. लॅबचं सॉफ्टवेअर आकड्याशेजारी सकाळची संदर्भमर्यादा छापतं. समजा चारचा कॉर्टिसॉल ७.८ आला. सकाळच्या मर्यादेत तो आरामात बसतो, कागदावर तारा नाही, लाल अक्षर नाही, निवासी डॉक्टर ‘नॉर्मल’ म्हणून फाइलला लावतो. प्रत्यक्षात डेक्सामेथासोननंतर ७.८ म्हणजे ब्रेक लागलेलाच नाही.

आकडा वाचताना

कॅरल यांची सीमारेषा ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर. दोन्हींपैकी एकही नमुना त्यावर गेला की ‘दबला नाही’. काही लॅब नॅनोमोल प्रति लिटरमध्ये देतात, मायक्रोग्रॅमला २७.६ ने गुणा, म्हणजे ५ चे १३८ होतात. पण ही सीमा त्या काळच्या प्रथिनबंधन पद्धतीच्या मोजणीवर बेतलेली होती. आजची इम्युनोअसे आणि मास स्पेक्ट्रोमेट्री एकाच रक्ताला वेगवेगळे आकडे देतात. संशोधन करत असाल तर आपल्याच लॅबमध्ये, त्याच यंत्रावर वीस-तीस निरोगी लोकांची चाचणी करून सीमा स्वतः ठरवा. ४.८ आणि ५.२ यांच्यात भिंत नाही. त्या पट्ट्यातला निकाल ‘अनिर्णित’ लिहायला लाजू नये.

समजा एका रुग्णाचे तीन आकडे आले: सकाळी ८ ला १.२, दुपारी ४ ला ७.८, रात्री ११ ला ६.१. सकाळी दबला म्हणजे गोळी पोटात गेली आणि पिट्युटरीपर्यंत पोहोचली, दुपारपर्यंत सुटला. नैराश्यातला नमुनेदार आलेख हाच. याउलट सकाळी ९, दुपारी ११, रात्री १० असे आकडे आले, म्हणजे कॉर्टिसॉल कुठेच हलला नाही, तर आधी गोळी घेतली का ते विचारा, मग औषधांची यादी पुन्हा वाचा, मग रुग्णाकडे नीट बघा. चेहरा गोल झालाय, पोटावर बोटभर रुंद जांभळे पट्टे, जराशा धक्क्याने काळं-निळं पडणं, बसल्या जागेवरून उठताना मांड्यांना जोर लावावा लागणं? कुशिंग आजारातही नैराश्य येतं, कधी ते पहिलं लक्षण असतं. असा रुग्ण एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे पाठवा. मध्यरात्रीची लाळ आणि २४ तासांची लघवी तिथे तपासतील.

आता या चाचणीने जिथे मार खाल्ला तो मुद्दा. १९८१ च्या शोधनिबंधात संवेदनशीलता (आजार असलेल्यांपैकी किती पकडले) ६७ टक्के आणि विशिष्टता (आजार नसलेल्यांपैकी किती बरोबर वगळले) ९६ टक्के होती. ऐकायला झकास. हिशोब करू या. वॉर्डात १०० रुग्ण, त्यातल्या ५० जणांना मेलँकोलिया. चाचणी ३३-३४ जणांना बरोबर पकडते आणि उरलेल्या ५० पैकी फक्त दोघांना चुकून. सकारात्मक निकालावर डोळे मिटून नाही, पण बराच भरवसा ठेवता येतो. आता ओपीडीतले १००० जण घ्या, त्यात मेलँकोलियाचे ५०. पुन्हा ३३-३४ बरोबर. पण उरलेल्या ९५० चे ४ टक्के म्हणजे ३८ जण चुकून सकारात्मक. निकाल सकारात्मक आला तर नाणं उडवल्यासारखीच गत. शिवाय तो ९६ चा आकडा दुसऱ्या मानसिक आजारांशी तुलना करताना इतरांच्या हातात टिकला नाही. १९८० च्या दशकात ही चाचणी ‘नैराश्याची रक्ततपासणी’ म्हणून सरसकट वापरली गेली आणि दशक संपेपर्यंत बदनाम होऊन बाजूला पडली. आमच्या मते दोष चाचणीपेक्षा प्रश्नात होता. मेलँकोलियासाठी घडवलेलं माप मानसोपचारातल्या प्रत्येक उदासीला लावलं गेलं. आणि नकारात्मक निकालाने नैराश्य नाही असं कधीच ठरत नव्हतं, कारण खुद्द कॅरल यांच्या आकड्यांतही दर तिघांपैकी एक निसटत होता.

तरी दोन ठिकाणी ती अजून उपयोगाची वाटते. एक, आत्महत्येचा धोका. कोरियेल आणि श्लेसर यांनी ७८ रुग्णांचा १५ वर्षं पाठपुरावा करून २००१ साली दाखवलं की कॉर्टिसॉल न दबलेल्यांत आत्महत्येचा अंदाजित धोका २६.८ टक्के होता, दबलेल्यांत २.९ टक्के. गट छोटा होता, सगळे दाखल झालेले रुग्ण होते, त्यामुळे हे आकडे ओपीडीला लावू नका. सकारात्मक निकालाने लक्ष वाढवा. नकारात्मक निकालाने कमी मात्र करू नका. दोन, उपचारानंतर. रुग्ण बरा दिसतोय, हसतोय, पण चाचणी अजून सकारात्मक आहे, तर आजार परत उलटण्याची शक्यता जास्त. अशा वेळी औषध आवरतं घेण्याची घाई करू नये.

मग कॉर्टिसॉलच कमी केला तर?

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, आणि संशोधकांनी तो मनापासून तपासला आहे. कॉर्टिसॉल बनण्याची शेवटची पायरी रोखणारं मेटिरापोन हॅम्बर्गमधल्या चाचणीत (२००४) नैराश्याच्या औषधाला जोड म्हणून उपयोगी ठरलं. मग ब्रिटनमध्ये औषधांना दाद न देणाऱ्या १६५ रुग्णांवर ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, २१ दिवस, असा मोठा प्रयोग झाला; २०१६ साली निकाल आला, मेटिरापोन आणि बिनऔषधी गोळी यांत फरक नाही. स्टॅनफर्डच्या ॲलन शॅट्झबर्ग यांच्या गटाने भ्रम असलेल्या नैराश्यात मिफेप्रिस्टोन वापरलं, जे कॉर्टिसॉलचा रिसेप्टरच अडवतं. आपल्याकडे ते गर्भपाताची गोळी म्हणून ओळखीचं. सुरुवातीचे निकाल आशादायक होते, मोठ्या चाचण्यांत मुख्य उद्दिष्ट गाठता आलं नाही. अमेरिकेत २०१२ साली त्याला मान्यता मिळाली ती कुशिंगमधल्या वाढलेल्या साखरेसाठी.

यातली चिडचिड करणारी गोष्ट अशी की ब्रिटनच्या त्या प्रयोगात रुग्ण निवडताना कॉर्टिसॉल जास्त असण्याची अट नव्हती. ज्याचा ब्रेक ठीक आहे त्याला ब्रेकचं औषध देऊन फरक पडेल कसा? पुढचा प्रयोग कुणी आखत असेल तर रुग्णनिवडीत आधी हीच चाचणी लावून बघावी. जर्मनीतले मनोविकारतज्ज्ञ फ्लोरियन होल्सबोअर यांच्या गटाने तिची धारदार आवृत्ती घडवली: रात्री ११ ला १.५ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, दुसऱ्या दिवशी दुपारी ३ ला शिरेतून १०० मायक्रोग्रॅम सीआरएच, आणि सव्वाचारपर्यंत थोड्या-थोड्या वेळाने रक्त. संवेदनशीलता वाढते, पण सीआरएचचं इंजेक्शन मिळवणं आणि परवडणं हाच मोठा अडसर.

तोवर रुग्णाच्या हातात येणारे उपचार नेहमीचेच: नैराश्यविरोधी औषधं, मानसोपचार, भ्रम असतील तर सोबत भ्रमाचं औषध, आणि गंभीर मेलँकोलियात ईसीटी (भूल देऊन केलेला विजेच्या झटक्यांचा उपचार). कॉर्टिसॉल ‘उतरवणाऱ्या’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलना या यादीत जागा नाही.

पुन्हा चाचणी करायची तर दोहोंमध्ये निदान आठवडा जाऊ द्या. लॅब तीच, यंत्र तेच, नळी तीच. मधल्या काळात सुरू किंवा बंद झालेलं प्रत्येक औषध तारखेसह टिपलेलं असावं, गजकर्णाची ट्यूबसुद्धा.